लाख-सव्वा लाखात कार्ट्रिज घ्यायचंय, रेकॉर्ड बहुतेक जुन्या एचएमव्ही शास्त्रीय. २एम ब्लॅक, हाना एमएल की ऑडिओ टेक्निका?

विलंबित_कोथरूड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारतेच. माझ्याकडे टेक्निक्स एसएल-१५००सी टर्नटेबल आहे. त्याच्यासोबत ऑर्टोफोन २एम रेड हे कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा सुईचा भाग) आलं होतं, नंतर मी त्यावर ब्लूची सुई बसवली, बॉडी तीच. फोनो, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारा अँप, वेगळा नाही, टेबलातलाच वापरते, म्हणजे लाइन आउटमधून सरळ अँपमध्ये. रेकॉर्ड दोनशेच्या आसपास, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाबांच्या, सगळ्या शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, डमडमच्या (कोलकात्याजवळच्या कारखान्यातल्या) एचएमव्ही, थोड्या पॉलिडोर आणि इनरेको कंपनीच्या. नवीन जॅझच्या दहा-बारा मी घेतलेल्या.

आता दुखणं सांगते. साइड सुरू होते तेव्हा सगळं झकास, आलाप, तानपुरा, तबल्याची चाट सगळं स्वच्छ. पण साइड संपत येते, द्रुत सुरू होतं, गाणारा तार सप्तकात जातो आणि आवाज फाटतो, अगदी टोचतो कानाला. नाट्यपदांत 'स' आणि 'श' फुसफुसतात. जॅझच्या नव्या रेकॉर्डवरही शेवटच्या ट्रॅकला थोडं होतं पण इतकं नाही.

बजेट लाखभर, फारच गरज पडली तर सव्वा लाख, त्यात फोनो लागला तर तोही आला. डोक्यात २एम ब्लॅक, हाना एमएल आणि ऑडिओ टेक्निका ओसी९एक्स एमएल आहेत. दुकानवाला म्हणतो ताई एकदाच कॅडेन्झा ब्रॉन्झ घ्या आणि सुटा, पण ते माझ्या टेबलापेक्षा महाग पडेल असं वाटतंय. घरी कामाला येणाऱ्या मावशी फडकं मारतात आणि एक मांजर आहे, तेही लक्षात घ्या 😀

ओहम_शांती

ताई, प्रश्न छान मांडलात, निम्मं उत्तर त्यातच आहे. तुमचं दुखणं ब्रँडचं नाही, सुईच्या आकाराचं आहे, आणि थोडं अलाइनमेंटचं, म्हणजे कार्ट्रिज आर्मवर नीट बसवण्याचं.

बघा, टेबल तेहतीसच्याच गतीने फिरतं पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ फक्त २१. म्हणजे तोच वरचा स्वर आत अडीचपट कमी जागेत कोंबलेला असतो, वळणं इतकी बारीक होतात की जाड टोकाची सुई त्यात शिरूच शकत नाही, ती वरून उड्या मारत जाते आणि तेच तुम्हाला फाटलेलं ऐकू येतं. आता आपल्या संगीताची गंमत अशी की साइडच्या सुरुवातीला संथ आलाप आणि शेवटी द्रुत, ताना, झाला. म्हणजे प्लास्टिकची जिथे सगळ्यात वाईट जागा तिथेच गाण्याची सगळ्यात कठीण जागा येते. त्यात एकेका साइडला पंचवीस-पंचवीस मिनिटं भरलेली, खाच पार लेबलला टेकलेली. पाश्चात्त्य पॉपवाले निदान शेवटी एखादं हळू गाणं टाकून वेळ मारून नेतात, ख्यालाला ती सोय नाही.

म्हणून सुईचा आकार. गोल टोकाची म्हणजे कॉनिकल, तिची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास. तुमची ब्लू इलिप्टिकल आहे, खाचेच्या भिंतीला टेकणारी कड साधारण ८ मायक्रॉन. शिबाटा आकाराची ६ च्या घरात आणि मायक्रोलाइन आकाराची तर अडीच-तीन. शिबाटा हा आकार मुळात जपानात जेव्हीसीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चार चॅनलच्या सीडी-४ रेकॉर्डसाठी काढला कारण त्यात ३० किलोहर्ट्झचं कॅरियर वाचायचं होतं. चार चॅनल गेले खड्ड्यात पण सुई राहिली, आपलं भलं झालं.

२एम ब्लॅक शिबाटा, हाना एमएल आणि ओसी९एक्स एमएल मायक्रोलाइन. तिन्ही तुमच्या ब्लूपेक्षा आतल्या खाचेत खूप पुढे. पण हाना आणि ओसी९ हे मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी, आउटपुट ०.४ मिलिव्होल्ट, ब्लॅक मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम, त्याचं ५ मिलिव्होल्ट. तुमच्या १५००सीच्या आतला फोनो फक्त एमएमचा आहे, त्याला एमसी लावलं तर आवाज मुंगीएवढा येईल. म्हणजे एमसी घ्यायचं तर ६० डीबीच्या आसपास गेन देणारा बाहेरचा फोनो घ्यावाच लागेल आणि तो स्वस्तातला घेतलात तर कार्ट्रिजचे पैसे पाण्यात.

खरखरकाका_दादर

ओहमराव बरोबर बोलतायत पण त्यांनी रेकॉर्ड बघितलेल्या नाहीत, मी डमडमच्या भरपूर बघितल्यात.

मुली, बाबांच्या रेकॉर्ड पूर्वी कशावर वाजायच्या ते आधी आठव. एचएमव्ही फिएस्टावर वाजल्या असतील तर त्यात सिरॅमिक कार्ट्रिज, सुई पाच-सहा ग्रॅमने दाबायची, आणि सुई उडायला लागली की लोक वर चार आणे ठेवायचे, सुई बदलायची ती पूर्ण बोथट झाल्यावरच. अशा रेकॉर्डच्या आतल्या खाचा आधीच नांगरलेल्या असतात. तिथे लाखाचं कार्ट्रिज लावलं तरी नांगरलेलंच वाजणार.

कसं ओळखायचं ते सांगतो. रेकॉर्ड खिडकीजवळ तिरपी धरायची, जोराच्या जागी खाच राखाडी दिसते, चकाकी गेलेली असते. आणि दुसरं, एकच साइड सुरुवातीपासून फाटत असेल तर झीज, फक्त शेवटी फाटत असेल आणि नव्या रेकॉर्डलाही तसंच होत असेल तर सुई किंवा बसवणं. तुझ्या जॅझलाही थोडं होतंय म्हणालीस, म्हणजे दोन्ही आहे असं धर.

मी स्वतः डेनॉन डीएल-१०३ वाजवतो. १९६२ पासून चालू आहे, जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनवलं होतं, गोल टोकाची सुई, रेकॉर्डवर अडीच ग्रॅम वजनाने टेकणारी, आणि अजून बनतंय. गायकाचा गळा जसा भरून येतो तसा फारच कमी कार्ट्रिजवर येतो, आणि झिजलेल्या रेकॉर्डची खरखरही कमी काढतं. बारीक सुया खाचेच्या तळाची घाण पण वाचून आणतात.

ओहम_शांती

काका, १०३ बद्दल आदर आहे पण ताईंचं दुखणंच आतल्या खाचेचं आहे आणि गोल सुई त्यात सगळ्यात कच्ची, हे औषध उलटं होईल. आणि बारीक सुई घाण वाचते हे अर्धंच खरं. फिएस्टाच्या जाड सुईने भिंतीचा एक विशिष्ट पट्टा घासलाय, शिबाटा-मायक्रोलाइनसारखी लाइन कॉन्टॅक्ट सुई भिंतीला उभी लांब टेकते, म्हणजे त्या पट्ट्याच्या वरखालची न घासलेली भिंतही वाचते. कित्येक 'गेलेल्या' रेकॉर्ड मायक्रोलाइनवर परत बोलायला लागतात. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

खरखरकाका_दादर

बऱ्याच म्हणजे धुतलेल्या. न धुता बारीक सुई घातलीस तर पावसाळ्याची बुरशी ऐकायला मिळेल, आमच्या दादरला तर कपाटात ठेवलेल्या रेकॉर्डलाही पांढरी नक्षी येते. आधी धुलाई, मग कार्ट्रिज. डिस्टिल्ड पाणी, ते पंपावरचं बॅटरीचं नको, लॅबवाल्याकडचं घे, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोच्या डार्करूममध्ये वापरतात ते वेटिंग एजंट (पाणी नीट पसरवणारं द्रावण) एक-दोन थेंब, मऊ ब्रशने गोल गोल, लेबल भिजू द्यायचं नाही, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने परत. हाताने केलं तरी चालतं, व्हॅक्यूमचं मशीन असेल तर सोन्याहून पिवळं. पण ऐक, घरात अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही नको, त्या लाखेच्या, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

झालावाला

२एम ब्लॅक घ्या आणि विषय संपवा.

आइंडहोवनकर

विषय इतक्यात नका संपवू राव 😄 मी दोन्ही वापरलीत, ब्लॅक आधी आणि आता हाना एमएल, टेबल एसएल-१२००जीआर, म्हणजे आर्म जवळपास ताईंच्यासारखाच. ब्लॅक फार स्वच्छ आहे, थोडं तटस्थ, नाट्यसंगीतातल्या पेटीचा वरचा भाग कधी कधी टोकदार वाटतो. हानावर तानपुऱ्याच्या तारेची जवारी जी उघडते ना, म्हणजे चारही तारा वेगळ्या आणि तरी एकत्र, ते ऐकून मी परत ब्लॅककडे गेलो नाही. हाना मूळची जपानच्या एक्सेल साउंडची, ती बरीच वर्षं दुसऱ्या कंपन्यांसाठी कार्ट्रिज बनवायची.

पण फोनोचा खर्च धरा. आणि एमसीची सुई घरी बदलता येत नाही, झिजली किंवा मोडली की रिटिपिंगला, म्हणजे नवं टोक बसवायला, पाठवायची नाहीतर डीलरकडे एक्स्चेंज. इथे नेदरलँड्समध्ये रिटिपिंग करणारे लोक सहज मिळतात, फान डेन हुल इथलेच. पुण्याहून पाठवायचं म्हणजे कुरियर, कस्टम्स, परत येताना पुन्हा कस्टम्स. ताईंच्या मांजराचा विचार करता हे महागात पडू शकतं.

ओसी९एक्स एमएल पण चांगलं, हानापेक्षा थोडं उजळ आणि पातळ. जॅझला छान, किराणा घराण्याला मला नाही आवडलं. हे माझे कान.

विलंबित_कोथरूड

बापरे, इतकं सविस्तर! काका, हो, फिएस्टाच होता, लाल रंगाचा, आणि नाणं पण ठेवायचे 🙈

आता पुढचे प्रश्न. एक, बाबांच्या बऱ्याच रेकॉर्ड मोनो आहेत, त्यांना वेगळं कार्ट्रिज लागतं का? दोन, आजोबांच्या थोड्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत आणि माझ्या टेबलाला ७८ चा स्पीड आहे, त्या ब्लूने वाजवल्या तर चालतील का? तीन, आर्मला कुठलं कार्ट्रिज जुळतं ते कसं बघतात, सगळीकडे कंप्लायन्स कंप्लायन्स लिहिलेलं असतं. आणि चार, पेटीचा लांब सूर लावला की तो हलतो, म्हणजे वरखाली झोके खातो, ते कार्ट्रिजने जाईल का?

खरखरकाका_दादर

चौथं आधी. ते कार्ट्रिजने जाणार नाही, देवाच्या कार्ट्रिजनेही नाही. रेकॉर्डचं भोक मधोमध नाही म्हणून आर्म आत-बाहेर डोलतो आणि सूर हलतो. सतार-सरोदला लक्षात येत नाही, पेटी आणि तानपुरा लगेच चहाडी करतात. काही लोक भोक जरा कोरून रेकॉर्ड सरकवून मध्यावर आणतात, मी बाबांच्या रेकॉर्डला हात लावणार नाही.

अठ्ठ्याहत्तर ब्लूने अजिबात नको. त्या खाचा एलपीच्या तिप्पट रुंद, तिथे ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची सुई खाचेच्या तळाशी लोळत जाते, नुसती खरखर वाचते आणि सुईचीही वाट लागते. त्यासाठी स्वस्त आणि मस्त उपाय, ऑडिओ टेक्निका व्हीएम९५ ची बॉडी आणि त्यावर एसपी नावाची ७८ ची सुई. वजन पाच ग्रॅमच्या आसपास लागतं. वेगळ्या हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा भाग) कायमचं बसवून ठेव, तुझ्या टेबलाचं हेडशेल फिरवून निघतं, मिनिटभराचं काम.

मोनोचं म्हणशील तर एचएमव्हीचा नंबर बघ. शास्त्रीयमध्ये ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. मोनोत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसती धूळ, ओरखडे आणि फिएस्टाची पुण्याई. खरं मोनो कार्ट्रिज ती उभी हालचाल ऐकतच नाही, म्हणून निम्मी खरखर तिथेच गळते. पण अँपवर मोनोचं बटण असेल तर आधी ते दाबून बघ, स्टिरिओ कार्ट्रिजचे दोन्ही चॅनल एकत्र झाले की उभी हालचाल एकमेकांत कटते, जवळपास तोच फायदा फुकटात.

ओहम_शांती

काकांच्या मोनो बटणाला माझं शंभर टक्के अनुमोदन. तिसऱ्याचं मी घेतो.

सुई स्प्रिंगवर बसलेली असते, ती स्प्रिंग किती लवचीक ते म्हणजे कंप्लायन्स, आर्म आणि कार्ट्रिजचं वजन त्या स्प्रिंगवर डोलतं, त्याची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये यावी, कारण खाली रेकॉर्डच्या वाकडेपणाची हालचाल असते आणि वर संगीत सुरू होतं. सूत्र सोपं, वस्तुमान गुणिले कंप्लायन्स, त्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्याने भागायचं. टेक्निक्सच्या आर्मचं परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारं) हेडशेलसकट १२ ग्रॅम, ब्लॅक ७.२ ग्रॅम, स्क्रूला एक ग्रॅम धरा, एकूण वीस. ब्लॅकची कंप्लायन्स २२. उत्तर साडेसात हर्ट्झ. काठावर आहे पण चालतं, फक्त खूप वाकड्या रेकॉर्डवर वूफर हलताना दिसेल. काकांच्या १०३ ची कंप्लायन्स डेनॉन ५ सांगतं पण ती १०० हर्ट्झला मोजलेली, जपानी कंपन्यांची ही सवयच आहे, १० हर्ट्झला ती दीडपट ते दुप्पट धरायची, मग अकराच्या आसपास येतं, म्हणजे उत्तम. हानाचंही तसंच, १०० हर्ट्झला १० दिलीय, दुरुस्त करून आठाच्या वरखाली. थोडक्यात तुमच्या आर्मला ही तिन्ही चालतात, त्यावर झोप घालवू नका.

झोप घालवायचीच तर अलाइनमेंटवर घालवा. टेक्निक्सचं जे प्लास्टिकचं गेज येतं, सुईचं टोक ५२ मिलिमीटरवर आणणारं, ते साधारण स्टिव्हन्सन नावाच्या बसवण्याच्या पद्धतीच्या जवळ जातं. नेटवर सगळे बेअरवाल्ड बेअरवाल्ड ओरडतात, त्या दुसऱ्या पद्धतीत सुईच्या कोनाची चूक शून्य होते त्या जागा ६६ आणि १२१ मिलिमीटर त्रिज्येवर येतात, एकूण साइडचा हिशोब केला तर तेच बरं. पण स्टिव्हन्सनमध्ये आतली शून्य जागा ६०.३ वर येते, म्हणजे अगदी शेवटच्या खाचेवर, जिथे तुमचं द्रुत आहे. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याने टेक्निक्सचं गेज सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मधे कुठेतरी थोडं जास्त डिस्टॉर्शन आलं तर तिथे विलंबित चालू असतं, चालतं.

आणि पैसे न घालवता आजच करण्यासारखं म्हणजे ब्लूचं वजन, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती ग्रॅमने टेकते ते, काट्यावर तपासा, ऑर्टोफोन १.८ ग्रॅम सांगतं. चायनीज डिजिटल काटा हजार रुपयात मिळतो. आर्मच्या मागच्या काउंटरवेटवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून दीड ग्रॅमवर वाजवणारे लोक मी बघितलेत, आणि मग म्हणतात तान फाटते.

झालावाला

यूट्यूबवर तोच राग फुकट आणि न फाटता ऐकायला मिळतो पण.

खरखरकाका_दादर

मिळतो. तिकडेच ऐका मग, आम्हाला इथे धुळीत लोळू द्या.

विलंबित_कोथरूड

रविवार सत्कारणी लागला. काटा आणला, ब्लू १.४ वर वाजत होतं! १.८ केलं, टेक्निक्सच्या गेजने परत बसवलं, कार्ट्रिज जरा मागे होतं. पाच-सहा रेकॉर्ड काकांच्या पद्धतीने धुतल्या, पाणी चहासारखं निघालं. जॅझचा शेवटचा ट्रॅक आता जवळजवळ स्वच्छ. बाबांच्या रेकॉर्डपैकी दोन सुधारल्या, एक तशीच, तिला खिडकीत धरली तर शेवटचा बोटभर भाग राखाडी. मोनोचं बटण माझ्या अँपला आहे हे मला आजवर माहीतच नव्हतं, दाबलं आणि हसायलाच आलं, इतका फरक.

आता बोला, एवढं झाल्यावर पण लाख खर्च करू का? मन अजून हानात अडकलंय.

आइंडहोवनकर

तानपुरा ऐकायचाय ना, मग करा 😀 पण फोनो नीट घ्या, ६० डीबी गेन, लोडिंग (कार्ट्रिजसमोरचा रोध, ओहममध्ये) बदलता येणारं. हानाची कॉइल ८ ओहमची, १०० ओहमपासून सुरू करा, आवाज झाकोळला वाटला तर वर जा.

ओहम_शांती

मी वेगळं सांगेन. तुमच्या घरात मांजर आहे, फडकं आहे, आणि आत एक बरा एमएम फोनो आधीच आहे ज्याचे पैसे तुम्ही भरलेत. ब्लॅक घ्या. २एम सगळी एकाच उंचीची आणि वजनाची आहेत म्हणजे आर्मची उंचीही बदलावी लागणार नाही, फक्त सुई टेकायचं वजन १.५ ग्रॅम करा. मोडली तर फक्त सुई बदला. पण एक लक्षात ठेवा, ब्लॅकची नुसती सुई घेऊन तुमच्या रेड-ब्लूच्या बॉडीवर बसवायला जाऊ नका, ती २एम ब्रॉन्झच्या बॉडीला जुळते, तुमच्या नाही.

अजून कंजूषपणा करायचा असेल तर ऑडिओ टेक्निकाचं व्हीएम५४०एमएल बघा, एमएम आहे आणि मायक्रोलाइन सुई, ब्लॅकच्या निम्म्याहून कमीत. आतल्या खाचेत ते ब्लॅकला हार जात नाही, मधल्या सप्तकात गळ्याचा भरीवपणा मात्र ब्लॅकला जास्त. आयुष्यही बघा, ऑडिओ टेक्निका स्वतः मायक्रोलाइनला हजार तास सांगते, शिबाटाला आठशे, आणि साध्या इलिप्टिकलला फक्त तीनशे. तुमच्या ब्लूची सुई कधी बदलली होती?

विलंबित_कोथरूड

लॉकडाउनमध्ये बसवली होती... रोज संध्याकाळी एक साइड तरी होतेच. म्हणजे तीनशे केव्हाच उलटले असणार.

खरखरकाका_दादर

मग प्रश्नच मिटला, ती सुई आता बाबांच्या रेकॉर्डवर टेकवू नकोस. ब्लॅक घे, उरलेल्या पैशात व्हीएम९५ आणि एसपी सुई घे, एक जादा हेडशेल घे, आणि तरी उरले तर धुण्याचं मशीन. हानाचं पुढच्या दिवाळीला बघू.

विलंबित_कोथरूड

ब्लॅक आणि ७८ वालं दोन्ही ऑर्डर केलं. दुकानवाला कॅडेन्झावरून थोडा रुसला. काका, अठ्ठ्याहत्तरच्या धुवायच्या तर नुसतं पाणी चालेल का, की साबणाचा थेंब टाकू?

खरखरकाका_दादर

डिस्टिल्ड पाणी आणि तेच वेटिंग एजंट, थेंबभर, अल्कोहोल वगळून. पाण्यात बुडवून ठेवायची नाही, कडेला कपचा उडालेला किंवा तडा असेल तर आतल्या थरात पाणी शिरतं. ओल्या फडक्याने पुसायची, लगेच कोरडी करायची आणि उभी ठेवायची. आणि वाजवायच्या आधी अँपवर मोनो.